डायलवरचा आकडा : खानदेशातील एका छायाचित्र-प्रकल्पाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, जळगाव

काल दसऱ्याला दोन्ही कॅमेऱ्यांना झेंडूची फुले वाहून झाली; आजपासून प्रकल्पाच्या तांत्रिक नोंदींची ही वही सुरू करीत आहे. कापसाच्या वेचणीपासून पुढच्या पावसापर्यंतचा खानदेशातला कामाचा हंगाम कृष्णधवल फिल्मवर टिपायचा, असा हा प्रकल्प आहे. माणसे, गावे आणि प्रसंग यांच्यासाठी वेगळी वही केली असून येथे केवळ एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडू दिला याचा, हिशेब लिहायचा आहे : कोणत्या उजेडात फिल्मचा स्पीड किती धरला, भिंगाचे छिद्र आणि शटरचा वेळ काय ठेवला, रोल किती मिनिटे डेव्हलप केला आणि निगेटिव्ह कशी उतरली.

साधने मुद्दाम थोडी ठेवली आहेत. एक पेंटॅक्स के१०००, त्यावर ५० मिमीचे एफ/२ भिंग (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). आणि बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी वापरायला दिलेला रशियन बनावटीचा झेनिट-ई, त्यावर ५८ मिमीचे हेलिओस ४४-२. दोन्ही भिंगांचा फिल्टरचा आटा ४९ मिमीचा असल्यामुळे फिल्टरचा एकच संच दोन्हीकडे चालतो. फिल्मही एकच, इलफर्डची एचपी५ प्लस. तिच्या डबीवर ४००/२७° असा जोडआकडा छापलेला असतो. त्यातला पहिला भाग जुन्या अमेरिकन एएसए पद्धतीचा आहे, ज्यात आकडा दुप्पट झाला की फिल्मची संवेदनक्षमता दुप्पट होते. दुसरा भाग जर्मन डिन पद्धतीचा, ज्यात आकडा तीनने वाढला की तेवढाच फरक पडतो. १९७४पासून आयएसओ प्रमाणात हे दोन्ही एकत्र लिहिले जातात. उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉप. डिनचा एक अंश म्हणजे नेमका एक-तृतीयांश स्टॉप, ही सोय मला फार उपयोगी वाटते, कारण पुढे फिल्टरचे आणि उजेड मोजणाऱ्या मीटरच्या दोषांचे हिशेब साध्या बेरीज-वजाबाकीने होणार आहेत.

के१००० हा १९७६चा नमुना आहे आणि फिल्मच्या डबीवरचे चौकटींचे डीएक्स संकेत १९८३मध्ये आले, त्यामुळे हा कॅमेरा डबी वाचत नाही. शटरच्या चकतीभोवतीची कडी वर उचलून फिरवली की छोट्या खिडकीतला आकडा बदलतो. तो २०पासून ३२००पर्यंत जातो आणि २०० व ४०० यांच्या मधले दोन ठिपके म्हणजे २५० आणि ३२०. कडी फिरवल्याने फिल्मला काहीही होत नाही. मीटरला आपण एवढेच सांगतो की फिल्म इतकी संवेदनक्षम आहे असे समजून काटा दाखव. त्या कडीवर काय लावायचे, हा या वहीचा विषय आहे.

१९ ऑक्टोबर २०२४

झेनिटच्या मीटरची तपासणी केली. भिंगाच्या वर पुढच्या बाजूस याचा सेलेनियमचा पट्टा असतो. त्याला बॅटरी लागत नाही, उजेडावरच तो स्वतःचा प्रवाह तयार करतो. मीटर शटरशी जोडलेले नसल्याने काटा जुळवायचा, चकतीवरची छिद्र-शटरची जोडी वाचायची आणि ती हाताने लावायची, असा द्राविडी प्राणायाम आहे. चकतीवर फिल्मचा स्पीड डिनमध्ये आणि सोव्हिएत गोस्ट पद्धतीत दिलेला आहे. १९८७पूर्वीचे गोस्टचे आकडे ३२, ६५, १३०, २५० असे जातात आणि एएसएच्या तुलनेत किंचित कमी असतात. म्हणजे गोस्ट ९० हे साधारण एएसए १००च्या बरोबरीचे. त्या वाटेला न जाता मी सरळ डिनच्या बाजूने काम करायचे ठरवले.

सेलेनियम जुना झाला की मंदावतो, म्हणून घरामागच्या चुन्याच्या भिंतीवर दोन्ही कॅमेऱ्यांची मीटरे एकाच अंतरावरून, फ्रेममध्ये भिंतीशिवाय काहीही येऊ न देता, लावून पाहिली. उन्हात झेनिट के१०००पेक्षा दोन-तृतीयांश स्टॉप कमी उजेड सांगतो. सावलीत हा फरक एका स्टॉपपर्यंत जातो आणि ओसरीत तर दोन स्टॉपच्या पुढे. सर्व उजेडांत फरक सारखा राहिला असता तर डायल तेवढी पुढे सरकवून काम भागले असते. उजेड कमी होईल तसा फरक वाढतो, तेव्हा डायलने त्याची दुरुस्ती होत नाही. म्हणून झेनिट फक्त उघड्या उन्हासाठी, डिनचा आकडा दोन अंश वाढवून. सावली, छप्पर आणि घर यांसाठी के१०००. झेनिटचे सर्वांत मंद शटर १/३० असल्याने अंधारात तो तसाही फार उपयोगाचा नव्हता.

काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आम्ही त्याच्या काट्याकडे कधी पाहिलंच नाही हो. ऊन असलं की सोळा, ढग आले की आठ." उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म ते वापरत असत, आणि हिशेब सगळा डोळ्याने. त्यांचा नियम जगभर चालतो तोच आहे : लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ आणि शटर फिल्म स्पीडच्या व्यस्त, म्हणजे १०० च्या फिल्मला १/१२५, ४०० च्या फिल्मला १/५००. मीटर बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही, आणि के१००० या कसोटीला उतरला.

२७ ऑक्टोबर २०२४

डबीवर ४०० लिहिलेले असताना तोच आकडा का लावू नये, याचे कारण आधी लिहून ठेवतो. कृष्णधवल निगेटिव्हचा आयएसओ स्पीड प्रयोगशाळेत ठरतो : फिल्मच्या मूळ धुरकटपणापेक्षा ०.१० इतकी जास्त घनता येण्यासाठी किती उजेड लागला, ते मोजून. पण ही मोजणी ठरावीक कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक, येईपर्यंत केलेल्या डेव्हलपिंगवर अवलंबून असते. डेव्हलपिंग कमी केले की कॉन्ट्रास्ट उतरतो आणि सावलीतला स्पीडही थोडा उतरतो. आमच्याकडचे ऊन कठोर, सावल्या खोल; कॉन्ट्रास्ट उतरवल्याशिवाय पांढरे धोतर आणि झाडाखालचा चेहरा एका कागदावर मावत नाहीत. तेव्हा स्पीड कमी धरणे ओघानेच आले. यात आणखी एक गंमत आहे. १९६०पूर्वी एएसएच्या आकड्यात जवळपास दुपटीचा सुरक्षिततेचा वाटा धरलेला असे. मीटरे चांगली झाल्यावर तो काढून टाकला आणि त्याच फिल्मांचे आकडे कागदावर दुप्पट झाले. ४०० ची फिल्म २०० किंवा २५० धरून वापरणारा माणूस एका अर्थाने जुनाच हिशेब परत आणत असतो.

चाचणीची मांडणी अशी केली. अंगणात उन्हात करड्या रंगाचे १८ टक्क्यांचे ग्रे कार्ड, त्याच्या एका बाजूस घडी घातलेले पांढरे धोतर, आणि दुसऱ्या बाजूस लिंबाच्या सावलीत काळी घोंगडी, जिची वीण जवळून स्पष्ट दिसते. ही घोंगडी ठेलारी मेंढपाळांकडून घेतलेली; सावलीच्या तपशिलाची तिच्यापेक्षा चांगली परीक्षा घेणारी दुसरी वस्तू घरात नव्हती. के१००० तिकाटण्यावर, शटर सर्व फ्रेमना १/५००, आणि छिद्र एफ/८पासून एफ/२२पर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने. या उजेडात एफ/१६ म्हणजे ४००, एफ/११ म्हणजे २००, एफ/८ म्हणजे १००, आणि मधले थांबे त्या त्या मध्यावरचे. शटर एकच ठेवल्याने जुन्या यंत्राच्या शटरमध्ये जी काही चूक असेल ती सर्व फ्रेममध्ये सारखी राहते आणि तुलनेत येत नाही. हीच मालिका रोलच्या उत्तरार्धात पुन्हा काढली, म्हणजे अंधारात रोल मधोमध कापून दोन अर्धे वेगवेगळे डेव्हलप करता येतील.

१० नोव्हेंबर २०२४

दोन्ही अर्धे आयडी-११ या डेव्हलपरमध्ये एकास एक पाणी घालून डेव्हलप केले. इलफर्डच्या तक्त्यात या द्रावणासाठी एचपी५ला २० अंश सेल्सियसला १३ मिनिटे दिली आहेत. पण २० अंशाचे पाणी खानदेशात वर्षातून किती दिवस मिळते? थंडीतल्या काही सकाळी सोडल्या तर नाहीच. त्यामुळे या प्रकल्पाचे प्रमाण तापमान २४ अंश ठरवले. अंशागणिक सुमारे दहा टक्के वेळ कमी, या हिशेबाने १३ मिनिटांची नऊ होतात. पहिला अर्धा नऊ मिनिटे, दुसरा वीस टक्के कमी म्हणजे सात मिनिटे. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नये, नाहीतर फिल्मवर डेव्हलपर सर्वत्र सारखा बसत नाही आणि आकाशात पट्टे दिसतात.

घनता मोजायचे यंत्र माझ्याकडे नाही. त्याऐवजी एन्लार्जरखाली आधी फिल्मची कोरी कड ठेवून, कागद पूर्ण काळा होण्यासाठी कमीत कमी किती सेकंद लागतात ते शोधले. त्याच सेकंदांवर, त्याच उंचीवर, कागदाच्या कॉन्ट्रास्टच्या मध्यम ग्रेडवर सर्व फ्रेमचे प्रिंट काढले. ही रीत कष्टाची आहे खरी, पण तिच्यात फसवाफसवीला जागा राहत नाही, कारण कागद काळा करण्याइतका उजेड सर्वांना सारखाच मिळालेला असतो. घोंगडीची वीण निगेटिव्हमध्ये असेल तरच कागदावर येते.

नऊ मिनिटांच्या अर्ध्यात घोंगडी ४००ला काळाभोर ठोकळा, २८०ला वीण कशीबशी, २००ला स्पष्ट. मात्र धोतराच्या चुण्या सर्व फ्रेममध्ये कागदाच्या पांढऱ्यात विरघळलेल्या. सात मिनिटांच्या अर्ध्यात घोंगडीचा क्रम थोडा खाली सरकला, पण २००च्या फ्रेममध्ये वीण आणि चुण्या दोन्ही आहेत आणि २८०मध्ये दोन्ही जेमतेम. यावरून उन्हासाठी २५० आणि सात मिनिटे ही जोडी ठरवली. २५० म्हणजे २५ डिन. झेनिटच्या दोषाचे दोन अंश मिळवले की चकतीवर २७ येतात. तेथे २७ दिसत असले तरी फिल्म ४०० धरलेली नाही, हे दुसऱ्या कोणी कॅमेरा हाती घेतला तर कळावे म्हणून पाठीवर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे.

२४ नोव्हेंबर २०२४, चोपडा तालुका

वेचणी. काळी जमीन, पांढरी बोंडे, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका, वर स्वच्छ आकाश. के१०००चे मीटर सबंध फ्रेमची सरासरी घेते आणि ती सरासरी करडी असावी असे गृहीत धरते. कॅमेरा खाली रोखला की काळी कापसाची माती ग्रे कार्डपेक्षा गडद असल्याने मीटर जास्त एक्स्पोजर मागते. वर केला की आकाश शिरते आणि ते कमी मागते. दोन पावलांच्या हालचालीत काटा दीड-दोन स्टॉप हलतो, ऊन मात्र तेच असते. अशा ठिकाणी काट्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. ग्रे कार्ड उन्हात धरून एकदाच मोजले, १/२५० आणि एफ/१६ लावले, आणि ऊन बदलेपर्यंत हात लावला नाही. कार्ड नसेल तर बांधावरचे हिरवे गवत बरे काम देते. त्याचा उजळपणा करड्याच्या जवळपास असतो. वाळलेले पिवळे गवत नको.

पदराखालचे चेहरे २५० वरही खोल आहेत, पण डोळे दिसतात.

१५ डिसेंबर २०२४, सारंगखेडा

दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. एक्स्पोजरच्या दृष्टीने इतकी शिकवण देणारी जागा खानदेशात दुसरी नसेल, कारण एका दावणीला पांढराशुभ्र घोडा आणि शेजारी काळाकुट्ट उभा असतो, आणि मीटरला दोघेही करडे हवे असतात. सोबत आलेल्या मित्राने मागच्या यात्रेतला, काट्यावर विश्वास ठेवून काढलेला एक प्रिंट घोड्याच्या मालकाला दाखवला. मालकाने तो निरखून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, मना घोडा पांढरा शे, राखोडी नही." मीटरच्या तत्त्वाचे एवढे नेमके टीकात्मक विवेचन मी कोठे वाचलेले नाही.

पांढरा घोडा फ्रेम भरून घेतला की काटा जे सांगेल त्याहून दोन स्टॉप जास्त द्यावे. काळ्या घोड्याला दोन स्टॉप कमी. निगेटिव्ह फिल्मवर या दोन दिशांचे परिणाम सारखे नसतात, हे येथे नोंदवायला हवे. पांढरा घोडा कमी एक्स्पोजरमुळे करडा झाला तर प्रिंट उजळ काढून तो पांढरा करता येतो. पण त्याचे डोळे, नाकपुड्या, काळा लगाम आणि मागे सावलीत उभा असलेला माणूस हे निगेटिव्हमध्ये आलेलेच नसतात, ते प्रिंटमध्ये कोठून आणणार? काळ्या घोड्याला काट्याप्रमाणे जास्त एक्स्पोजर मिळाले तर निगेटिव्ह जड होते, कण थोडे वाढतात, प्रिंटला वेळ लागतो, पण तपशील सगळा शिल्लक असतो. म्हणून शंका असेल तेव्हा जास्तीच्या बाजूला झुकावे. स्लाइड फिल्म असती तर नेमके उलटे सांगावे लागले असते.

सकाळी नऊच्या सुमारास ऊन अजून तिरपे असल्याने नियमापेक्षा एक स्टॉप जास्त लागत होता. घोडे नाचतात तेव्हा १/२५० पुरत नाही. १/५०० आणि एफ/८ ठेवले. दुपारीही डिसेंबरातला सूर्य येथे क्षितिजावर ४५-४६ अंशांपर्यंतच चढतो, त्यामुळे उजेड बाजूने येतो आणि घोड्याच्या अंगाचा गोलवा दिसतो. पावणेपाचनंतर धूळ उन्हात उजळते आणि मीटरला ती फार आवडते. तेव्हा काटा सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त.

५ जानेवारी २०२५, नंदुरबार

मिरचीच्या पथारी. लाल रंगाचे इतके मोठे मैदान कृष्णधवल फिल्मवर काढायला जाणे हा थोडा हट्टच आहे, कारण फिल्टर नसेल तर मिरची आणि तिच्याखालची जमीन जवळजवळ एकाच करड्यात येतात. लाल फिल्टर (क्रमांक २५) लावला की मिरची उजळते. हिरवा लावला की ती काळपट होते. कोणता योग्य, ते निगेटिव्ह पाहूनच ठरवायचे होते, म्हणून दोन्ही वापरले.

लाल फिल्टर उजेडाचा आठवा भाग आत सोडतो, म्हणजे तीन स्टॉप, म्हणजे डिनचे नऊ अंश. झेनिटचे मीटर भिंगाच्या बाहेर असल्याने त्याला फिल्टरची खबर नसते. चकती २७ वरून १८ वर आणली की हिशेब आपोआप झाला. हिरव्याला दोन स्टॉप, म्हणून २१. के१०००मध्ये असे करू नये. त्याचे मीटर भिंगातून, फिल्टरसकट मोजते. डायलही खाली आणली तर एकच भरपाई दोनदा होते. शिवाय त्यातला कॅडमियम सल्फाइडचा सेल लाल उजेडाला जास्त दाद देतो, त्यामुळे लाल फिल्टरमधून त्याने सांगितलेले एक्स्पोजर कमी पडण्याचा संभव असतो. खात्रीचा मार्ग म्हणजे फिल्टर काढून मोजणे आणि स्टॉप मोजून उघडणे.

निगेटिव्ह पाहिल्यावर माझा कौल हिरव्याला. लाल फिल्टरमधल्या मिरच्या भुईमुगाच्या फोलपटांसारख्या दिसतात, तिखटपणा गेला. हिरव्यामधल्या गडद आहेत, त्यांच्या देठांचा हलका रंग वेगळा दिसतो, आणि खोरे घेतलेल्या बायकांच्या साड्या त्यावर उठून येतात. कातडीचा रंगही हिरव्या फिल्टरने गडद होतो, तेवढे सोसावे लागते.

१८ जानेवारी २०२५

जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. आत ट्यूबलाइट आणि छपरातल्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या रेघा. के१००० वर नवा रोल घातला, कारण डेव्हलपिंग संपूर्ण रोलला एकच मिळते आणि २५० वर काढलेल्या फ्रेम व १६०० वर काढायच्या फ्रेम एका रोलवर राहू शकत नाहीत. डायल १६०० वर नेली की काटा १/१२५ आणि एफ/२.८ सांगत होता. हाताने धरून काम होण्याजोगे. पण मला ते पटेना. फिल्म पुश केली, म्हणजे स्पीड जास्त धरून डेव्हलपिंग वाढवले, तर फिल्मची खरी संवेदनक्षमता फारशी वाढत नाही. ज्या सावलीवर पुरेसा उजेड पडलाच नाही ती जास्त वेळ डेव्हलपरमध्ये ठेवून उगवत नाही. वाढते ती उजळ भागांची घनता. आणि येथे उजळ भाग म्हणजे कापसाचा ढीग, ज्याच्या तंतूंसाठीच मी आलो आहे. मध्यम तोड म्हणून ८०० धरले, १/१२५ तसेच ठेवून भिंग एफ/२ पर्यंत पूर्ण उघडले. फोकसची खोली कमी झाली, ते चालेल.

आयडी-११ पाणी न घालता, ८००साठी २० अंशाला साडेदहा मिनिटे. २४ अंशाला सात. उन्हाच्या रोललाही सातच मिनिटे आहेत, पण तेथे द्रावण एकास एक. दोन्ही सात एकमेकांत मिसळू नयेत म्हणून यापुढे प्रत्येक डबीवर स्पीड आणि द्रावण दोन्ही लिहायचे.

९ फेब्रुवारी २०२५, सोनगीर

तांब्या-पितळेच्या भांड्यांचे काम. ठोकणारे हात फार वेगाने चालतात आणि खोलीत उजेड थोडा, तेव्हा कारागीर जेवायला उठल्यावर ऐरण, हातोड्या आणि फळीवरच्या कळश्या तिकाटण्यावरून काढल्या. २५० वर काटा १/८, एफ/२ ला मध्यावर आला. सर्व काही फोकसमध्ये हवे म्हणून एफ/१६. छिद्र सहा स्टॉप आवळले, तर १/८ चे आठ सेकंद होतात. येथे फिल्मचा आणखी एक स्वभाव मध्ये येतो : उजेड फार मंद असला की फिल्म वेळेच्या प्रमाणात दाद देत नाही. एचपी५साठी इलफर्डचे सूत्र असे की मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यावा. आठ सेकंदांचे पंधरा होतात, चाराचे सहा, सोळाचे अडतीस. अर्ध्या सेकंदाच्या आत काही करावे लागत नाही. के१०००चे सर्वांत मंद शटर एक सेकंदाचे, म्हणून बी वर (बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे) ठेवून केबल रिलीझ, म्हणजे बटण दाबायची तार, आणि घड्याळ.

आतल्या कोपऱ्यात काटा हलेनाच. तेथला उजेड मीटरच्या आवाक्याखाली होता. मग वस्तूच्या जागी पांढरा कागद धरून मोजले. पांढरा कागद ग्रे कार्डच्या सुमारे पाचपट उजेड परत देतो, म्हणून आलेल्या वेळेला पाचने गुणायचे, आणि मग घाताचे सूत्र लावायचे. क्रम उलटा केला तर उत्तर चुकते.

पितळेच्या कडांवरची चमक कोणत्याही हिशेबात बसत नाही. ती पांढरीच राहू द्यावी.

९ मार्च २०२५, चाळीसगाव

रेल्वे स्थानकाजवळच्या केकी मूस यांच्या कलादालनात गेलो. मूस (१९१२–१९८९) यांनी कित्येक दशके घराबाहेर क्वचितच पाऊल टाकून, टेबलावर रचलेल्या लहानशा मांडणीतून निसर्गचित्रे उभी केली. त्यांच्या प्रिंटमधल्या सावल्या पाहताना एक गोष्ट लक्षात येते की ज्याच्या हाती उजेड आहे त्याला फिल्मच्या स्पीडशी झगडावे लागत नाही; दिवा एक वीत मागे नेला की काम झाले. आमच्या हाती फक्त डायल आहे. या महिन्यात बाकी काही काढले नाही.

२० एप्रिल २०२५, जळगाव

गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी ३८ अंश. फिल्मवरचा जिलेटिनचा थर या तापमानाला मऊ पडतो, ओरखडे सहज येतात, आणि डेव्हलपर गरम व फिक्सर गार असा फरक पडला तर थराला सुरकुत्या पडू शकतात. बर्फ टाकून तापमान खाली आणता येते, पण ते टिकत नाही आणि दर मिनिटाला थर्मामीटर पाहावा लागतो. शेवटी माठाकडे वळलो. पहाटेपर्यंत भरून ठेवलेल्या माठातले पाणी २४-२५ अंशांवर मिळते, कारण एप्रिलातली आमची हवा इतकी कोरडी असते की माठाच्या अंगातून झिरपणारे पाणी झपाट्याने उडते आणि आतले गार होते. डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचे पाणी, सगळे एकाच माठातून. घरच्यांसाठी दुसरा माठ आणावा लागला. काम सूर्योदयापूर्वी उरकायचे.

फिल्म फ्रिजमध्ये ठेवली आहे. वापरण्याआधी काही तास बाहेर काढून डबी न उघडता साध्या तापमानाला येऊ द्यायची. मोटारसायकलच्या डिकीत रोल ठेवायचा नाही, मग प्रवास कितीही लहान असो.

२५ मे २०२५

आज जळगावात शून्य सावलीचा दिवस. साडेबाराच्या थोडे आधी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशी नाहीशी होते. जमिनीवर सावल्या नाहीत म्हणजे चित्रात सावल्या नाहीत, असे कोणी समजेल. प्रत्यक्षात त्या सर्व चेहऱ्यावर गोळा होतात. टोपी किंवा पागोटे घातलेल्या माणसाच्या कपाळाखाली, डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली. मीटर सरासरी घेते आणि एफ/१६, १/२५० सांगते, जे जमिनीसाठी बरोबर आहे आणि माणसासाठी निरुपयोगी.

दोन उपाय करून पाहिले. पहिला, कॅमेरा चेहऱ्याजवळ नेऊन फक्त सावलीतली कातडी मोजायची आणि काटा सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप कमी द्यायचे. चेहरा गडद येतो पण वाचता येतो, मात्र मागचे आवार जळते. त्यासाठी या रोलचा स्पीड २०० धरून डेव्हलपिंग सहा मिनिटांवर आणले. दुसरा, माणसाला चुन्याच्या भिंतीसमोर किंवा वाळत घातलेल्या धोतराजवळ उभे करायचे, म्हणजे परतलेला उजेड टोपीखाली शिरतो. दुसऱ्या उपायाने दीड स्टॉपचा फरक पडला आणि डायलला हात लावावा लागला नाही. सहा मिनिटांच्या निगेटिव्ह मला जरा मळकट वाटतात. प्रिंटला वरचा ग्रेड लागतो. शक्य असेल तेथे अकरा ते तीन कॅमेरा पिशवीत ठेवणे हाच तिसरा आणि उत्तम उपाय.

१३ जुलै २०२५, रावेर तालुका

केळीच्या बागेत ढगाळ दुपार. उजेड पानांतून गाळून येतो, सर्वत्र सारखा, सावल्यांना कडा नाहीत. उन्हासाठी ठरवलेले २५० आणि सात मिनिटे येथे लावले तर निगेटिव्ह अगदी सपाट येईल, म्हणून के१००० पुन्हा ४०० वर आणला आणि रोलला पूर्ण नऊ मिनिटे द्यायचे ठरवले. काटा १/६० आणि एफ/४. घड कापणाऱ्यांच्या हातातले विळे हलतात, तेवढे हलू दिले.

हवा दमट झाल्यापासून माठ गार होत नाही; पाणी २७ अंश. नऊ मिनिटांची साडेसहा होतात, पाचाच्या वर आहेत, चालेल. झेनिट काकांना परत करण्यापूर्वी त्याच्या पाठीवरची चिठ्ठी काढून टाकली आणि चकती त्यांनी दिली होती त्या आकड्यावर लावून ठेवली. उरलेल्या डब्यांवर अशी लेबले लिहिली : "ऊन, २५०, एकास एक, २४ अंश, ७ मि.", "ढग, ४००, एकास एक, २४ अंश, ९ मि.", "आत, ८००, पाणी नाही, २४ अंश, ७ मि."